टनामागे साडेपाचशे

जुन्या कचऱ्याचा डोंगर उपसून, चाळून जागा मोकळी करायची तर टनामागे ५५० रुपये खर्च धरावा, असा सरकारी दर आहे. स्वच्छ भारत अभियानाचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, त्यातला हा आकडा. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा पुन्हा विचारून घेतलं, "टनामागे की किलोमागे?" आमच्या सोसायटीत गच्चीवरची टाकी धुणारा मुलगा एका टाकीचे याच्या दुप्पट घेतो, आणि टाकीच्या तळाशी गाळ निघतो जेमतेम दोन बादल्या.

मी वसई पूर्वेला राहते आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहिते. मेंटेनन्सची थकबाकी, सिंकिंग फंड, ऑडिटरच्या शंका, सर्वसाधारण सभेतली भांडणं, हे माझं जग. कचऱ्याशी संबंध ओला-सुका वेगळा करण्यापुरता, आणि गोखिवऱ्याला भोयदापाड्याचं डम्पिंग पेटलं की खिडक्या लावून घेण्यापुरता. हे डम्पिंग उन्हाळ्यात पेटतं, विझवलं तरी आतून धुमसत राहतं, आणि वारा फिरला की सकाळी दूध तापवताना घरात धुराचा वास येतो. अशाच एका उन्हाळ्यात आजूबाजूच्या इमारतींतल्या काही जणांनी एक गट जमवला. निवेदनं लिहायची निवृत्त मास्तरांनी, रसायनांचं समजावून सांगायचं औषध कंपनीत आयुष्य काढलेल्या केमिस्ट काकांनी. माझ्याकडे आली पैशांची बाजू. "मॅडम, तुम्हाला आकडे कळतात" एवढ्या एका वाक्यावर.

प्रश्न तीनच होते: साफ करायला किती लागतात, ते कुठून येतात आणि कोणाला मिळतात. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला, पानाला दोन रुपये भरले, आणि एका कार्यालयातून कागदांचा गठ्ठा मिळाला. त्यात अनुक्रमणिका होती, परिशिष्टांची नावंही होती, फक्त परिशिष्टं नव्हती. अपील टाकलं. तोवर हातावर हात धरून बसण्यापेक्षा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये काढलेली जुन्या कचऱ्याच्या विल्हेवाटीची मार्गदर्शक तत्त्वं वाचायला घेतली, आणि राज्यातल्या वेगवेगळ्या शहरांच्या निविदा. निविदा वाचायची सवय लागली की दुसरं काही वाचवत नाही. माझी रहस्यकथांची आवड त्या उन्हाळ्यात सुटली.

पहिला गोंधळ वजनाचा. डोंगराचं वजन कोणी करत नाही. करताच येत नाही. ड्रोन उडवून किंवा जमिनीवरून मोजमाप घेऊन ढिगाचा आकार काढतात, त्यावरून घनमीटर, आणि घनमीटरला घनतेने गुणलं की टन. समजा, एक हेक्टर जागा आहे आणि तिच्यावर सरासरी दहा मीटर उंचीचा ढीग आहे. म्हणजे एक लाख घनमीटर. घनता ०.८ धरली तर ८० हजार टन, १.१ धरली तर १ लाख १० हजार टन. साडेपाचशेच्या दराने पहिला हिशेब ४ कोटी ४० लाखांचा होतो आणि दुसरा ६ कोटी ५ लाखांचा. ढीग तोच. दीड कोटीहून जास्त फरक कागदावरच्या एका दशांश चिन्हाने पडला. घनता कोण ठरवतं? खड्डे खणून नमुने घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. किती खड्डे, कुठे, कोणत्या महिन्यात? पावसाळ्यानंतर खणलं तर कचरा पाणी पिऊन जड झालेला असतो. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. काट्यावर चढलेल्या प्रत्येक टनाचं बिल होणार असेल तर त्यातलं पाणीही बिलात जाणार, हे कळायला केमिस्ट असावं लागत नाही. शहाण्या निविदांमध्ये ओलाव्याची मर्यादा घातलेली असते, आणि वजनासोबत मोजमापाने निघणारे घनमीटरही ताडून बघतात. सगळ्या निविदा शहाण्या नसतात.

पैसे कुठून येतात हा भाग मला सोपा वाटला होता. केंद्राचा वाटा शहराच्या लोकसंख्येवर ठरतो. एक लाखाच्या आतल्या गावाला निम्मी रक्कम, एक ते दहा लाखांच्या शहराला ३३ टक्के, आणि दहा लाखांवर गेलं की २५ टक्के. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाख २२ हजार भरली, म्हणजे आपला वाटा पाव. साडेपाचशेतले एकशे साडेसदतीस रुपये दिल्लीहून येणार, तेही हप्त्याहप्त्याने, आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. उरलेले राज्य आणि महापालिका मिळून. पंधराव्या वित्त आयोगाची आणखी एक थैली होती. दहा लाखांवरच्या शहरांसाठी २०२१ ते २०२६ या काळात देशभरात मिळून ३८,१९६ कोटी. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांच्या रांगेत वसई-विरारही होतं. त्यातला एक तृतीयांश भाग हवेसाठी आणि दोन तृतीयांश पाणी, सांडपाणी, घनकचरा यांसाठी. धुमसणारं डम्पिंग हवाही बिघडवतं आणि पाणीही, मग दोन्ही खात्यांतून पैसे मागता येतील का, असं मी एका अधिकाऱ्याला विचारलं. ते हसले. नाही म्हणाले नाहीत.

साडेपाचशेत खरंच होतं का? मुंबईने २०२५ मध्ये देवनारसाठी निविदा काढली. १९२७ पासून तिथे कचरा पडतोय, साचलेला अंदाज १८५ लाख टन, आणि निविदेची रक्कम सुमारे २,३६८ कोटी. भागाकार केला तर टनामागे १,२८० रुपये. दुपटीच्या वर. देवनारची उंची, खाडीकाठची जागा, वाहतुकीची कोंडी हे सगळं धरलं तरी फरक राहतोच. आणि हा फरक भरून काढायची ऐपत मुंबईची आहे. आमची महापालिका ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि पन्नासच्या वर गावं एकत्र करून झालेली, आणि तिच्या तिजोरीपुढे पाणी, रस्ते, मलनिस्सारण सगळेच हात पसरून उभे.

आता दंडाकडे बघू. राष्ट्रीय हरित लवादाने ८ सप्टेंबर २०२२ ला महाराष्ट्राला सुमारे १२ हजार कोटींची पर्यावरणीय भरपाई लावली, सांडपाणी आणि कचरा दोन्ही धरून. त्यात साफ न केलेल्या जुन्या कचऱ्याचा हिशेब होता टनामागे ३०० रुपये. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून साफसफाईसाठीच वापरायची, असं आदेशात म्हटलेलं होतं, ते चांगलंच. पण हिशेब लिहिणाऱ्या बाईला जे दिसलं ते सांगते. साफ केलं तर टनाला साडेपाचशे ते जवळपास तेराशे, नाही केलं तर तीनशे. मी आमच्या गटात हे फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा मास्तर म्हणाले, "हे निवेदनात घालायचं नाही. कोणाला कल्पना सुचेल."

बहिणीचा मुलगा याच क्षेत्रात आहे, पुण्याच्या बाजूला एका सल्लागार कंपनीत. त्याच्या मागे लागून मी एका दुसऱ्या शहरातलं चालू काम बघून आले. आधी कचरा मोकळा करतात, लांब ओळींत पसरतात, जिवाणूंचं द्रावण फवारतात आणि पोकलेनने वरखाली करत राहतात. ओळींच्या पोटात ऊब धरते. हात जवळ नेला तर कळते. वास कमी झाला, ओल उतरली की ट्रॉमेलमध्ये. ट्रॉमेल म्हणजे फिरणारं, भोकं असलेलं लोखंडी पिंप, बसच्या लांबीचं. मोठ्या भोकांचं, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. एका टोकाला चिंध्या-प्लास्टिक, मध्ये दगडविटा, खाली काळी माती. आवाज इतका की बोलणं हातवाऱ्यांनी. पावसाळ्यात हे सगळं जवळपास बंद पडतं, कारण ओला कचरा भोकांना लिंपून बसतो. म्हणजे आमच्याकडे वर्षाचे आठच महिने धरायचे, आणि वेळापत्रकात बारा धरलेले दिसले तर विचारायचं.

तिथल्या नोंदवहीत मी सवयीने बेरीज केली. शंभर टन आत गेले. माती, प्लास्टिक, दगड, भंगार मिळून बाहेर आले त्याहून बरेच कमी. मी दोनदा बेरीज करून भाच्याला म्हटलं, "जुळत नाही रे."

"वाफ झाली, मावशी."

"सगळी?"

"पाणी उडतं, थोडा वायू होतो. बाकीचं..." तो थांबला. "बाकीचं तू ऑडिटरला विचार."

खरं कोडं त्याच्या पुढचं आहे, आणि मला वाटतं या सगळ्या कामाचा जीव तिथे आहे. डोंगर नाहीसा होत नाही; त्याचे चार ढीग होतात आणि प्रत्येक ढिगाला पत्ता लागतो. भंगार विकलं जातं. दगडविटा रस्त्याखाली जातात. चिंध्या-प्लास्टिकच्या गठ्ठ्यांना आरडीएफ म्हणतात, ते सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळायचं. २०१६ च्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं की आरडीएफ तयार होणाऱ्या जागेपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या उद्योगांनी निदान पाच टक्के इंधन त्यातून घ्यावं. आमच्यापासून शंभर किलोमीटरांत सिमेंटची मोठी भट्टी शोधा. राज्यातल्या मोठ्या भट्ट्या चंद्रपूरकडे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्या लांब चिंध्या पाठवायच्या तर गाडीभाडं कोण देणार? भट्टीवाला म्हणतो, माती लागलेलं, ओलं नको. ठेकेदार म्हणतो, माझ्या दरात भाडं इतकंच आहे. मग गठ्ठे तिथेच राहतात, आणि एका उन्हाळ्यात तेच पेटतात. अंदाजपत्रकात या ढिगाच्या ओळीपुढे "सिमेंट उद्योगास" असं लिहिलेलं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं. उद्योगाचं नाव, अंतर आणि त्याचं संमतीपत्र जोडलेलं फार थोड्या ठिकाणी.

पण वसईकराने घाबरायचं ते काळ्या मातीला. वजनाने सगळ्यात मोठा वाटा बहुतेक वेळा हिचाच. ती शेतीला द्यावी तर शिसं, कॅडमियम, क्रोमियम किती आहे ते तपासायला लागतं, आणि वर्षानुवर्षं मिसळून कुजलेल्या कचऱ्यात ते प्रमाणाबाहेर निघण्याची शक्यता भरपूर. क्षारही जास्त असतात. म्हणून उत्तर येतं, सखल भाग भरायला वापरा. वसईत सखल भाग भरणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. ९ आणि १० जुलै २०१८ ला पाणी तुंबलं तेव्हा मिठागरात शेकडो माणसं अडकली, गाड्या बंद, दिवसेंदिवस वीज नाही. त्यानंतर कारणं शोधायला आयआयटी मुंबई आणि नीरी यांची समिती नेमली. पाणथळ आणि खाजणात मातीचे भराव टाकून पाण्याच्या वाटा बुजवल्या, ही इथल्या लोकांची त्याआधीपासूनची ओरड. आता त्याच जागांसाठी डम्पिंगमधून चाळून काढलेली, फुकट मिळणारी हजारो टन माती तयार होणार. डंपर रात्री भरून निघाला तर सकाळी कुठे रिकामा झाला, हे कोण बघणार? माझ्या मते कोणत्याही साफसफाईच्या योजनेत बाहेर जाणाऱ्या मातीच्या प्रत्येक गाडीची नोंद आत येणाऱ्या पैशांइतकीच कडक असली पाहिजे. जीपीएस, पावती, उतरवल्या जागेचा फोटो, आणि त्या जागेचा सातबारा. मास्तरांनी हा मुद्दा निवेदनात जसाच्या तसा घेतला. मी फुशारले.

इथवर मी जे वाचत होते ते सगळं साध्या कचऱ्याचं होतं. विषाची गोष्ट मला एका कचरा वेचणाऱ्या बाईंनी सांगितली. त्या वीसेक वर्षं भोयदापाड्याच्या डम्पिंगवर जातात. मी नकाशा पसरून बसले होते, चौकोन आखून प्रत्येक चौकोनात एक नमुन्याचा खड्डा, पुस्तकात दिलंय तसं. त्यांनी नकाशाकडे बघितलंही नाही.

"ताई, त्या अंगाला वास निराळा येतो. तिथं पाय चरचरतात. आम्ही बूट घातल्याबिगर जात नाय."

"कोणत्या अंगाला?"

त्यांनी बोटाने दाखवलं. कधीकाळी रात्री गाड्या यायच्या, गाळ्यांतल्या असतील, डबे असायचे, घट्ट झालेला चिकट माल असायचा, म्हणाल्या. कोणाच्या गाड्या ते त्यांना ठाऊक नाही आणि मी विचारून काही सिद्ध होणार नव्हतं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात छोटे गाळे दाटीवाटीने आहेत, रंगाचे, मुलाम्याचे, प्लास्टिकचे. सगळे चोर नाहीत. पण घरातल्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे एवढ्यानेसुद्धा डम्पिंगमध्ये बरंच काही जमा होतं. पुस्तकातल्या चौकोनांऐवजी या बाईंच्या बोटाप्रमाणे दोन खड्डे खणले तर जास्त कळेल, असं मी भाच्याला फोनवर म्हटलं. तो म्हणाला, "कळेल ना. म्हणूनच कोणी खणत नाही."

याचा अर्थ मला केमिस्ट काकांनी समजावला. नमुना प्रयोगशाळेत नेला, त्यातून झिरपणाऱ्या धातू-रसायनांचं प्रमाण घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतल्या मर्यादेबाहेर निघालं, की तो कचरा साधा राहत नाही. तो तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यावा लागतो, अस्तर घातलेल्या बंदिस्त खड्ड्यात किंवा भट्टीत. तिथला दर साडेपाचशेच्या कित्येक पट. म्हणजे तपासणी केली की खर्च वाढतो, नाही केली की काम अंदाजपत्रकात बसतं. प्रगतीचा अहवाल टनांत आणि मोकळ्या झालेल्या एकरांत जातो, आणि एकर मोकळा झाला की त्याची किंमत सगळ्यांना दिसते. जे काट्यावर चढतं त्याचे पैसे मिळतात. जमिनीखाली उतरलेलं काळं पाणी काट्यावर चढत नाही. मी वाचलेल्या बहुतेक निविदांत त्या पाण्यासाठी, म्हणजे लिचेटसाठी, ठेकेदाराच्या जबाबदाऱ्यांच्या यादीत एखादी ओळ होती. स्वतंत्र रक्कम क्वचित. विहिरींची पाच-दहा वर्षं तपासणी करत राहण्यासाठी रक्कम मला सापडलीच नाही.

विषाचा खरा दर किती असू शकतो ते बघायचं तर भोपाळ. १९८४ च्या वायुगळतीच्या त्या कारखान्यात गोदामात पडून राहिलेला ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरमध्ये भरून पीथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून संपवला. मंजूर रक्कम १२६ कोटी. टनामागे ३७ लाखांच्या वर पडले. वर जाळताना चुना वगैरे मिसळावा लागल्याने राख मूळ कचऱ्यापेक्षा जास्त भरली, आणि तिला पुन्हा पुरायला जागा लागली. आणि हे फक्त गोदामातल्या कचऱ्याचं. कारखान्याच्या आवारातली माती आणि आसपासचं भूजल त्या १२६ कोटींत नव्हतंच. साडेपाचशे आणि सदतीस लाख हे दोन आकडे मी एकाखाली एक लिहिले, आणि त्या दिवशी काम बंद केलं.

अमेरिकेत रासायनिक कचरा पुरलेल्या जागेवर वस्ती झाल्याच्या लव्ह कॅनॉल प्रकरणानंतर १९८० मध्ये सुपरफंडचा कायदा झाला. घाण करणारा सापडला तर त्याच्याकडून वसुली, सापडला नाही तर तेल आणि रसायन उद्योगांवरच्या करातून. तो कर १९९५ ला संपला आणि पुढे पंचवीसेक वर्षं बोजा बऱ्याच अंशी सर्वसामान्य करदात्यावर आला. अलीकडे कर पुन्हा लावलाय. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. संशयित जागांची यादी, तपासणी, जबाबदार कोण ते शोधणं, त्याच्याकडून खर्च वसूल करणं, सगळं आहे. मी आनंदाने वाचत गेले आणि अपवादांवर येऊन थांबले: कचराभूमीतल्या घनकचऱ्याला हे नियम लागू नाहीत. पण त्यालाही पोटअपवाद आहे. साध्या कचऱ्यात घातक रसायन मिसळलेलं असेल आणि त्यामुळे जागेचं दूषण मर्यादेबाहेर गेलं असेल, तर लागू. म्हणजे पुन्हा तपासणी. सिद्ध करा, मग दुसरं दार उघडेल. सिद्ध करायला पैसे कोण देणार, याचं उत्तर मला साडेपाचशेतही मिळालं नाही.

(चाळायचंच कशाला, झाकून टाका, असंही एक मत आहे. खाडीपलीकडे गोराईला मुंबईने तेच केलं: २००७ मध्ये डम्पिंग बंद, वर मातीचं आणि प्लास्टिकचं आवरण, आतला मिथेन नळांनी गोळा, आणि त्यावर मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटपोटी आशियाई विकास बँकेकडून आगाऊ पैसे. तेव्हा ती मोठी हुशारीची योजना होती. २०१२ च्या सुमाराला जगभर त्या क्रेडिटचे भाव कोसळले. काका म्हणतात, झाकलेलं निदान उडत नाही. मला झाकलेला हिशेब आवडत नाही, एवढंच.)

गटाने ठरवलं की सगळं डम्पिंग आपण तपासू शकत नाही, पण विहिरी आणि बोअरवेल तपासू शकतो. पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा. प्रयोगशाळेने विचारलं, कोणते घटक? काकांनी यादी दिली: क्लोराइड, अमोनिया, सीओडी, शिसं, क्रोमियम, कॅडमियम, निकेल. दरपत्रक आलं. एका नमुन्याचा आकडा पाहून लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी वर्गणी जमली.

मग विहीर शोधायला निघालो. पाण्याची काळजी घेणारी जुनी परंपरा आहे ना वसईला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने टँकरने होणाऱ्या उपशाविरुद्ध लढा दिला, तो पश्चिम पट्ट्यातल्या घराघरांत लोकांना आठवतो. पूर्वेला आमचं स्वागत वेगळं झालं. पहिले विहीरमालक सज्जन गृहस्थ, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या विहिरीवर टँकर भरतात. सूर्या धरणाचं पाणी वाढलं तरी टँकर थांबलेले नाहीत.

"पाणी न्या ताई, पाहिजे तेवढं न्या. रिपोर्टात माझं नाव नको."

"नाव नाही घालत काका. नंबर देऊ."

"गावाचं नाव पण नको."

प्रयोगशाळेच्या अर्जात पहिला रकाना अक्षांश-रेखांशाचा होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, आणि मुलाला विचारून सांगतो म्हणाले. मुलाने सांगितलं नाही. दुसऱ्या ठिकाणी जागा विकायला काढली होती. तिसरीकडे भाडेकरूंना कळलं तर, असा प्रश्न आला.

तेव्हा मी ज्या सोसायटीचे हिशेब लिहिते, आणि जिथे राहतेही, तिच्या बोअरचा नमुना द्यावा असं सभेत मांडलं. संडासाला, बागेला, गाड्या धुवायला वापरतो तेच पाणी. चेअरमन चांगले गृहस्थ आहेत, डम्पिंगविरुद्धच्या निवेदनावर पहिली सही त्यांचीच. ते म्हणाले, "मॅडम, उद्या रिपोर्ट वाईट आला आणि फ्लॅटचे भाव पडले तर?" त्यावर तासभर चर्चा. एका आजींनी विचारलं, वाईट असलं तर मी तुळशीला घालते ते बंद करायचं का. त्यांना कोणी उत्तर दिलं नाही, पण ठराव मंजूर झाला तो बहुधा त्यांच्यामुळे. अट अशी की अहवाल आधी सभेत वाचायचा, मग बाहेर द्यायचा, आणि खर्च सोसायटीने करायचा. गटाची वर्गणी दुसऱ्या विहिरीसाठी राखून ठेवली, मिळाली तर.

नमुना गेला, पावती आली. ऑडिटला खर्च कोणत्या नावे दाखवायचा ते सेक्रेटरींना विचारलं. "दुरुस्ती"त बसत नाही, "किरकोळ"मध्ये टाकावं तर रक्कम किरकोळ नाही. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर उपविधी आड येतात. सध्या तो "पाणी आकार"मध्ये टाकला आहे. ऑडिटर काय म्हणतात ते मार्चनंतर कळेल.